गावाहून परतलो, पण घर अजून हाताला लागत नाही

ओवरी | रविवार, रात्री ११.४०

सगळे झोपल्यावर लिहायला बसले आहे. शुक्रवारी रात्री मांडवी एक्सप्रेसने ठाण्याला उतरलो. अठरा दिवस सासरी होतो. गुहागर तालुक्यात, हेदवीच्या अलीकडे आमचं घर आहे. मुलगी बारा वर्षांची, मुलगा सात. सुट्टी इतकी छान गेली की शेवटचे तीन दिवस मी तारीख बघायचंच टाळत होते.

दार उघडलं आणि कोंदट वास आला. न्हाणीघरातून तर थेट गटाराचा. ओट्यावर दोन झुरळं. निघताना मेन स्विच बंद करून गेलो होतो, म्हणजे फ्रिजही बंद. त्यातली विरजणाची वाटी मी विसरले होते, तिच्यावर हिरवी बुरशी. बाल्कनीतली तुळस पार काडी झालेली. आणि सोबत सामानाचे सात डाग: आंब्याची पेटी, दोन फणस, आंबापोळी, कुळथाचं पीठ, आमसुलं, आठळ्या, पाच नारळ. आईंनी, म्हणजे सासूबाईंनी, मायेने बांधून दिलेलं. नको म्हणवत नाही आणि ठेवायला जागा नाही.

हे सगळं आवरता येईल. काल मशीन तीनदा लावलं. लिहायला बसायचं कारण वेगळं आहे. मुलगा रात्री झोपत नाही. भिंतीकडे तोंड करून पडतो आणि आवाज न करता रडतो. काल विचारलं तर म्हणाला, "आजीकडे आत्ता काय चाललं असेल?" दिवसभर "इथे काहीच नाही" एवढंच. काल दुपारी त्याने जेवणाचं ताट सरकवलं आणि मी त्याच्यावर ओरडले. आदल्या रात्रीपासून पाय टेकला नव्हता, आणि तो राग त्याच्यावर निघाला. तेव्हापासून मला चैन नाही.

उद्या आम्हा दोघांचं ऑफिस. शाळा पुढच्या सोमवारी. तुमच्याकडे सुट्टीहून आल्यावर घर पुन्हा लागायला किती दिवस लागतात? तुम्ही काय करता? घराचंही सांगा, मुलांचंही सांगा.

सदाफुली | रविवार, रात्री ११.५८

ओवरी, आधी झोप. पिशव्या उद्याही तिथेच असतील.

आमच्याकडे आल्या रात्री फक्त अंथरुणं घालायची आणि मुगाची खिचडी टाकायची. बाहेरून काही मागवायचं नाही. प्रवासात दिवसभर बाहेरचं पोटात गेलेलं असतं, आणि कुकरच्या शिट्टीने घराला घरपण येतं असं मला खरंच वाटतं. नाशवंत तेवढं बाहेर काढायचं, बाकी बॅगांना दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत हात लावायचा नाही.

आंबे पेटीत ठेवू नकोस. पलंगाखाली कागद किंवा पेंढा पसरून सुटे मांड, रोज संध्याकाळी एकदा हात फिरव, डाग पडलेला दिसला की बाजूला काढ. कच्चे फ्रिजमध्ये टाकू नकोस, ते पिकत नाहीत, आतून काळे पडतात. फणस मात्र उद्याच फोड, हाताला आणि सुरीला खोबरेल लावून. गरे डब्यात भरून फ्रीझरला, आणि एक फणस शेजारी दे.

विरजणही शेजारूनच आण. नाहीच मिळालं तर कोमट दुधात चार-पाच हिरव्या मिरच्या देठासकट टाकून बारा तास झाकून ठेव. पहिलं दही पातळ आणि जरा वेगळ्या वासाचं होतं, ते खायचं नाही. त्यातला चमचाभर घेऊन दुसरं लाव, ते छान लागतं.

मुलाचं उद्या लिहिते, डोळे मिटतायत.

जुना_फिटर | सोमवार, सकाळी ६.१०

न्हाणीघराच्या वासाचं सांगतो, आयुष्य त्यात गेलं आहे. जाळीखाली जो वाकडा भाग असतो त्याला आम्ही नहाणी ट्रॅप म्हणतो. त्यात साधारण दोन इंच पाणी कायम उभं असतं आणि तेच पाणी खालच्या पाइपातली हवा वर येऊ देत नाही. मे महिन्यात घर अठरा दिवस बंद राहिलं की ते पाणी उडून जातं. मग वासही वर येतो आणि झुरळंही त्याच वाटेने येतात. घरातल्या प्रत्येक जाळीत एक-एक तांब्या पाणी ओता. बेसिनमध्ये, ओट्याच्या मोरीत, आणि वॉशिंग मशीनचं पाणी जिथे जातं तिथेही. वास तासाभरात कमी होईल. फिनेल ओतून उपयोग नाही, पाणीच हवं. पुढच्या वेळी निघताना पाणी ओतून वर दोन चमचे गोडं तेल टाका, तेलाचा थर पाणी उडू देत नाही.

नळाचं पहिलं पाणी पिऊ नका. पाइपात इतके दिवस उभं राहिलेलं पाणी आहे, प्रत्येक नळ चार-पाच मिनिटं मोकळा सोडा. ते बादलीत धरून फरशी पुसायला घ्या.

आणि हे सगळ्यांसाठी: बंद घर उघडल्यावर दिव्याच्या बटणाला हात लावायच्या आधी नाकाने अंदाज घ्या. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड असतो, तो जमिनीलगत साचून राहतो. जरा जरी वास आला तर बटण नाही, पंखा नाही, आधी दारं-खिडक्या. निघताना रेग्युलेटर बंद केलेला असला तरी ही सवय सोडू नका.

शिस्त_हवीच | सोमवार, सकाळी ८.३५

मुलांच्या बाबतीत मी कडक आहे आणि त्याचा फायदा मी पाहिला आहे. आल्या दिवसापासून शाळेचं वेळापत्रक. सहाला उठायचं, नऊला दिवा बंद. रडणं मनावर घेत बसलात तर ते वाढतं. आठवडाभर गावाचा विषय काढू नका, आपोआप विसरेल.

सदाफुली | सोमवार, सकाळी ९.१५

झोपण्या-उठण्याच्या वेळेबद्दल पूर्ण सहमत. पण विषय काढायचाच नाही हे मला पटत नाही. त्याने विसरावं असं ओवरीला तरी कुठे वाटतंय? ज्याची आजी जिवंत आहे, दोनशे-अडीचशे किलोमीटरवर आहे, त्याने तिला आठवून रडू नये म्हणून काय करायचं?

आमची धाकटी अशीच होती. आम्ही तिला सांगितलं की रडू येणं चूक नाही, मलाही येतं. एवढं कळल्यावर ती भिंतीकडे तोंड करायची थांबली, माझ्याकडे करून रडली. दोन रात्रींनी झोप लागली.

आणि ओरडलीस त्याचं म्हणशील तर त्याला जवळ घेऊन सरळ सांग की मी दमले होते, चुकलं. सात वर्षांच्या मुलाला ते नीट समजतं.

परसबाग | सोमवार, दुपारी १.२०

तुळस उपटू नका! बुंध्याजवळ नखाने साल किंचित खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर ती जिवंत आहे. वरच्या वाळलेल्या काड्या हिरव्या भागापर्यंत छाटा. माती इतकी वाळली असेल की कुंडीच्या कडेपासून सुटली असेल, मग वरून घातलेलं पाणी कडेने निघून जातं, मुळांना काहीच मिळत नाही. कुंडी अख्खी पाण्याच्या टबात अर्धा तास बुडवून ठेवा, बुडबुडे थांबले की काढा. चार-पाच दिवस सावलीत. खत अजिबात नको, आजाऱ्याला पंगतीचं जेवण वाढल्यासारखं होईल.

पुढच्या वेळी बादलीभर पाणी कुंडीपेक्षा उंचावर ठेवून सुती कापडाची जाड वात बादलीतून मातीत सोडा. आठ-दहा दिवस झाड तगतं, अठरा दिवसांना मात्र शेजारीच हवा.

अवांतर, पण महत्त्वाचं: पाऊस तोंडावर आहे. कुंड्यांखालच्या बशा, फ्रिजच्या मागचा पाण्याचा ट्रे, कूलर, गच्चीतला रिकामा डबा, हे सगळं आजच घासून कोरडं करा. डेंग्यूच्या डासाची अंडी कोरड्या भांड्याच्या कडेला महिनोन्‌महिने चिकटून राहतात आणि पाणी लागलं की आठ-दहा दिवसांत डास तयार. नुसतं पाणी ओतून देणं पुरत नाही, कडा घासायला हव्यात. आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळा.

मधला_बर्थ | सोमवार, रात्री १०.०५

ताई, तुमचं लिखाण दोनदा वाचलं. "काल मशीन तीनदा लावलं", "मी विसरले", "मी ओरडले", "माझा पाय टेकला नव्हता". शनिवारी घरात मोठी माणसं दोन होती ना?

मी हे आरोप म्हणून लिहीत नाही. आमच्या घरीही पंधरा वर्षं असंच चाललं. परतल्यावर मी बॅगा दारात ठेवायचो आणि माझा प्रवास संपायचा, बायकोचा तिथून सुरू व्हायचा. तिची सुट्टी दोन दिवस आधी संपायची, बांधाबांधीत, आणि परतल्यावर चार दिवस ती हमालासारखी राबायची. एकदा ती म्हणाली, "पुढच्या वर्षी तुम्ही जा, मी घरीच थांबते." ती गंमत करत नव्हती. ते वाक्य मला फार लागलं.

आता कपड्यांचं काम पूर्ण माझ्याकडे आहे, वेगळं करण्यापासून घडी घालून कपाटात जाईपर्यंत. लाल मातीचे कपडे ओले चोळायचे नाहीत हेही मी त्यातच शिकलो. आधी माती वाळू द्यायची, ब्रशने झाडायची, मग गार पाण्यात, मग साबण. गरम पाण्यात टाकले की डाग बसलाच.

दुसरं, परतीचं तिकीट. आरक्षण आता साठ दिवस आधी उघडतं, नोव्हेंबर २०२४ पासून. पूर्वी एकशे वीस दिवस होते. तिकीट काढताना मी जाण्याच्या तारखेपेक्षा येण्याच्या तारखेकडे जास्त बघतो. कामावर रुजू व्हायच्या आधी घरात एक अख्खा दिवस हवाच, जमलं तर दोन. गावातला एक दिवस त्यासाठी सोडावा लागतो. मुलं कुरकुरतात, पण मी सोडतो.

नेदरलँड्समध्ये सुट्टीवर जाऊन आलेल्या लोकांचा एक अभ्यास २०१० साली छापून आला होता. १५३० माणसं, त्यातली ९७४ सुट्टीवर गेलेली. परत आल्यावर ती माणसं न गेलेल्यांपेक्षा जास्त आनंदी होती का, तर बहुतेक नाही. सुट्टी अगदी निवांत गेली असं म्हणणाऱ्यांतच काय तो फरक दिसला, तोही फार टिकला नाही. जास्त आनंद होता तो जायच्या आधी, वाट बघण्यात. हे वाचल्यापासून मी गावाहून आल्यावर आठवड्याच्या आत पुढच्या जाण्याची तारीख मुलांना सांगून टाकतो. दूरची असली तरी चालते. गणपतीला जाणार असाल तर मुलाला कॅलेंडरवर गोल करायला द्या.

अटलांटिकपार | मंगळवार, पहाटे ३.५०

आमच्याकडे, न्यू जर्सीत, अजून सोमवारची संध्याकाळ आहे. आम्ही पुण्याहून येऊन आज पाचवा दिवस. उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक असतो. शरीराचं घड्याळ दिवसाला साधारण तासभर सरकतं, त्यामुळे आठवडा-दीड आठवडा जातोच. पहिल्या चार रात्री दोन्ही मुली दोन वाजता टक्क जाग्या. आम्ही दिवे मंद ठेवतो, टीव्ही-फोन नाही, केळं किंवा दूध-पोहे देतो आणि गोष्ट सांगतो. दिवसा कितीही झोप आली तरी बाहेर उजेडात न्यायचं. हा उजेडच घड्याळ हलवतो.

पण ओवरी, तुझ्या मुलाचं वाचून मला वाटलं, आमच्याकडे आणि तुमच्याकडे होतं ते एकच आहे. मोठी मुलगी रात्री दोन वाजता विचारते, "आजोबांकडे आत्ता साडेअकरा ना? म्हणजे ते भाजी घेऊन आले असतील." आणि ते खरोखर आलेले असतात. आम्ही तेव्हाच फोन लावतो. तिकडे दुपार होत आलेली, इकडे मध्यरात्र, आणि आजोबा तिला आणलेली भाजी एक-एक करून दाखवतात. त्यानंतर ती झोपते. तुझा मुलगा विचारतो आहे की आजीकडे आत्ता काय चाललं असेल, तर त्याला ते समजू दे. विचारून सांग, किंवा त्यालाच विचारू दे.

खळ्यातून | मंगळवार, सकाळी ७.३०

मी सहसा फक्त वाचतो. निवृत्त शिक्षक आहे, वय ७१, दापोलीच्या बाजूला राहतो. माझी मुलं आणि नातवंडं गेल्या सोमवारी मुंबईला परतली. तुम्ही सगळे दार उघडल्यानंतरचं लिहिता आहात, मी दार लावल्यानंतरचं लिहितो.

गाडी वळणावरून दिसेनाशी झाली की आम्ही दोघं लगेच घरात येत नाही. खळ्यात उभी राहतो. मग ही आत जाते आणि ओटीवरच्या चादरी गोळा करते. त्या दिवशी भात नेहमीच्याच पातेल्यात टाकला गेला, अकरा माणसांच्या. दोन दिवस आम्ही फोडणीचा भात खाल्ला. झोपाळा हलत नव्हता, ते सारखं डोळ्यांत येत होतं. पडवीत नातवाची एक चप्पल सापडली, डाव्या पायाची. अंगठा तुटलेली आहे, कामाची नाही. हिने धुऊन खुंटीला लावून ठेवली.

आम्हाला सावरतं ते काम. जून लागला की उसंत नसते. खळ्यातला मांडव उतरवायचा, लाकूडफाटा पडवीत रचायचा, गोवऱ्या झाकायच्या, जिथे गळतं तिथली कौलं बदलून घ्यायची, पावसाच्या बाजूला झडी, म्हणजे आडोसा, बांधायची. बेगमी म्हणतात ती ही. पहिला पाऊस येईपर्यंत आमचं मनही कामाला लागलेलं असतं. पण तोवरचे सात-आठ दिवस जड जातात.

म्हणून एक विनंती. पोचल्याचा फोन सगळे करतात. "सुखरूप पोचलो, बरं का." तो महत्त्वाचा. पण त्यानंतर तुम्ही आवराआवरीत, ऑफिसात, शाळेच्या खरेदीत बुडता आणि पुढचा फोन रविवारी येतो. आम्हाला फोन हवा असतो तो त्या मधल्या दिवसांत. दोन मिनिटं पुरतात. आणि बांधून दिलेलं एक तरी खाल्लं असं सांगा. आंबापोळी डब्यात तशीच पडलेली असली तरी चालेल, पण तिचा एक तुकडा मोडून खा आणि सांगा.

ओवरीताई, तुमचा मुलगा भिंतीकडे तोंड करून रडतो असं तुम्ही लिहिलंत. हेदवीलाही कुणीतरी तसंच रडत असेल. त्या दोघांची गाठ घालून द्या.

सदाफुली | मंगळवार, सकाळी ९.०५

काका, वाचून डबा भरता भरता थांबले. आईला फोन करते आणि मग कामाला लागते.

शिस्त_हवीच | मंगळवार, सकाळी १०.४०

काकांचा प्रतिसाद वाचला. मी लहानपणी राजापूरहून परत आलो की वडील विषय काढू देत नसत. मी विसरलो नव्हतो, फक्त बोलायचं बंद केलं होतं. माझं वरचं मत वेळापत्रकापुरतं ठेवतो, बाकीचं मागे घेतो.

ओवरी | बुधवार, रात्री १०.३०

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रत्येकाला वेगळं उत्तर द्यायचं होतं, जमलं नाही.

जाळ्यांमध्ये पाणी ओतलं, फिटरकाका, आणि वास खरंच गेला. मी सोमवारपर्यंत तीन वेळा फिनेल ओतून बसले होते. तुळशीला खरवडलं, अगदी खाली बोटभर हिरवं आहे.

मधला_बर्थ, तुमचा प्रतिसाद मी नवऱ्याला वाचायला दिला. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला वाटायचं तुला ते तुझ्याच पद्धतीने करायचं असतं." त्यात थोडं तथ्य आहे, मीही कपड्यांच्या घड्या पुन्हा घालते. काल त्याने उरलेल्या तिन्ही पिशव्या रिकाम्या केल्या. आठळ्या लाल मातीत घोळवून ठेवायच्या हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत होतं, त्याच्या आजीने शिकवलेलं. मुलगी त्याच्या मदतीला बसली आणि तासभर दोघं गावचंच बोलत होती. मला तिच्याकडे बघायला वेळच झाला नव्हता. तिलाही चुलत बहिणीची आठवण येत होती, ती फक्त बोलत नव्हती.

मुलाला मी सांगितलं की शनिवारी माझं चुकलं. त्याने विचारलं, "तुला पण आजी आठवते?" मी हो म्हटलं.

मग मंगळवारपासून संध्याकाळी सातला, दिवेलागणीच्या वेळी, आईंना फोन. पहिल्या दिवशी त्याने विचारलं ते पाडीचं. आई फोन घेऊन गोठ्यात गेल्या. पाडी काही हंबरेना, दहा मिनिटं हे दोघं तिची वाट बघत फोन धरून होते. शेवटी तिने घंटा हलवली. काल रात्री तो साडेनऊला झोपला.

आईंना मी विचारलं, तुम्ही कशा आहात. हे मी या आधी परतल्यावर कधी विचारलं नव्हतं. त्या म्हणाल्या, "घर मोठं वाटतंय गो."

खळ्यातून | गुरुवार, सकाळी ६.४५

वाचून बरं वाटलं. आमच्याकडे काल रात्री पाऊस आला. मांडव दुपारीच उतरवला होता, वेळेवर.

ओवरी | रविवार, रात्री ९.५०

उद्या शाळा, म्हणून शेवटचं कळवते.

नवं विरजण लागलं, शेजारच्या काकूंकडचं. त्यांना फणसाचे गरे दिले होते, त्या स्वतःच वाटी घेऊन आल्या. कॅलेंडरवर गणपतीच्या आदल्या शनिवारी लाल गोल आहे, तिकिटाची तारीख नवऱ्याने फोनमध्ये लावली आहे, येण्याचीसुद्धा, एक दिवस हातात ठेवून.

फोन रोज चालू आहे. शुक्रवारी हेदवीला पाऊस सुरू होता, आईंनी फोन पन्हळीखाली धरला आणि मुलगा डोळे मिटून ऐकत बसला. आज बोलणं सुरू होऊन दोन मिनिटं झाली असतील, तेवढ्यात खालून मित्रांची हाक आली. तो म्हणाला, "आजी, ठेवतो हां, मला खाली बोलावतायत," आणि चपला घालून पळाला. फोन तसाच गादीवर चालू.

मी उचलून कानाला लावला. मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असेल. आई म्हणाल्या, "गेला का खेळायला? बरं झालं. तूही जरा बस आता."

दप्तर दारात आहे. गाडी सात वाजता येते.